अंगात आलेला कॅल्क्युलेटर

सुभेदार निकमांचा कॅल्क्युलेटर उसना मागायचा नाही, असा आमच्या स्टाफरूमचा अलिखित नियम होता. आणि नव्याने रुजू झालेल्या माणसाला तो नियम आधी सांगायचा नाही, असा दुसरा. नवा माणूस बिचारा हात पुढे करायचा, "सर, जरा देता का?" सुभेदार लगेच द्यायचे. रुमालाची घडी उलगडून, काचेवरून अंगठा फिरवून. नवा माणूस पाच दाबायचा, अधिक दाबायचा, तीन दाबायचा, आणि मग शोधाशोध सुरू. यंत्र उलटं करून बघायचा, कडेने बघायचा, शेवटी लाजत विचारायचा, "ह्याला बरोबरचं बटण कुठंय?"

ह्या प्रश्नासाठीच तर आम्ही सगळे पेपर तपासायचं थांबवून कान देऊन बसलेले असायचो.

"बरोबर हाय का चूक ते मानसानं ठरवायचं," सुभेदार मिशीवरून बोट फिरवत म्हणायचे. "मशीनचं ते काम न्हाई."

मग शिकवणी. "आधी जवान रांगेत उभं करायचं. पाच. त्याच्या मागं तीन. ऱ्हायलं उभं? आता हुकूम सोडायचा. मिळवा! आवं, आधी हुकूम सोडून मग मानसं गोळा करत्यात का कुटं फौजंत?"

तेव्हा मी सांगलीला विश्रामबागेत, एका तंत्रनिकेतनात गणित शिकवत होते. आकडे आधी आणि क्रिया नंतर, ही रीत गणितात चांगली मान्यता पावलेली आहे, हे मला ठाऊक होतं. पण मी ते सुभेदारांना कधी सांगितलं नाही. आधीच माणूस फुगलेला, त्यात आपण आणखी हवा कशाला भरायची?

सुभेदार तोफखान्यात होते. तोफेचा गोळा कुठे पडावा ह्यासाठी जी मोजमापं लागतात, त्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्तीच्या वेळी त्यांच्या साहेबाने स्वतःचा अमेरिकन कॅल्क्युलेटर त्यांच्या हातात ठेवला. पेन्शन काय सगळ्यांनाच मिळते, असं ते म्हणायचे. आमच्याकडे ते पोरांना मोजणी शिकवायचे आणि शनिवार आला की एस.टी.ने साताऱ्याकडे, कोरेगावच्या अलीकडच्या आपल्या गावी जायचे. इस्त्रीची खाकी पँट, छातीच्या खिशात रुमाल आणि रुमालात तो कॅल्क्युलेटर. पाकीट कुठंही विसरायचे, तो नाही.

त्या यंत्राचा इतका गुण लागला होता की माणूस बोलायचासुद्धा तसाच. कॅन्टीनमध्ये पोऱ्या समोर उभा राहिला की हे सुरू करायचे, "दोन चा. एक बिनसाकरंचा. खारी." मग थांबायचे. पोऱ्या वाट बघतोय. खारीचं काय करायचं? द्यायची की बंद करायची? बऱ्याच वेळाने हुकूम सुटायचा, "आन!"

पण मला त्या यंत्राबद्दल सगळ्यात गंमत वाटायची ती त्याच्या खोडीची. पहिल्या खेपेच्या काही यंत्रांमध्ये कंपनीची एक चूक राहून गेली होती म्हणे. एखाद्या अगदी केसाएवढ्या कोनाची साइन मागितली, की पठ्ठ्या साफ खोटं उत्तर द्यायचा. कंपनीने पुढे ती सुधारली. सुभेदारांच्या यंत्रात मात्र ती तशीच होती आणि लढाईतून आलेला माणूस गोळीचा व्रण दाखवतो तशी ते ती येईल त्याला दाखवायचे. स्टाफरूमला दाखवून झाली, गावच्या पारावर दाखवून झाली, तलाठ्याला दाखवून झाली. "बघा, बघा, आता चुकंल... चुकला!" आणि चेहऱ्यावर काय तो आनंद!

"सुभेदार, चुकणाऱ्या यंत्राचं एवढं कौतुक?" मी एकदा विचारलं.

"म्याडम, तो कुटं चुकतोय ते मला म्हाईत हाय. तुमच्या नव्या मशीनी कुटं चुकत्यात ते कुनाला म्हाईत हाय?"

मी माझा नवा कॅल्क्युलेटर हळूच पर्समध्ये टाकला.

ह्या सगळ्याची खरी कसोटी लागली ती त्यांच्या धाकट्या भावापायी, नानापायी. दोघांची रानं एका बांधाला लागून. सुभेदार फौजेत असताना त्यांचं रान वाटेकऱ्याकडे होतं. ते घरी आले, बांधावर उभे राहिले आणि म्हणाले, नानाने बांध कोरला. नाना म्हणाला, कोरला तो तुझ्या वाटेकऱ्याने. झालं. आपल्याकडे बांधावरून भाऊ तुटायला एवढं पुरतं. मारामारी नाही, कोर्ट नाही, फक्त बोलणं बंद. आणि बंद म्हणजे तरी कसं? रोज बोलायचे, पण दुसऱ्याच्या मारफत. "वैनी, त्याला सांगा, पान्याची पाळी आज माजी हाय." आणि 'तो' तिथेच, हाताच्या अंतरावर गोठ्यात उभा. वहिनीने सांगायचीसुद्धा गरज नाही, पण 'तो' ती सांगेपर्यंत ऐकल्याचं दाखवणार नाही. ही वहिनी म्हणजे सुभेदारांची बायको, आमच्या निकमकाकू. त्या मला एकदा म्हणाल्या, "पोरी, माजा पार टेलिफोन झालाय बघ."

त्या रानाच्या हद्दीचे तीन दगड जागेवर होते. चौथा, दोघांच्या बांधाच्या टोकाचा, केव्हाच गायब झाला होता. नकाशा आणि तीन दगड असले की चौथ्याची जागा मोजून काढता येते. त्या वर्षी सोयाबीन निघाल्यावर दोघंही ऊस लावणार होते, आणि एकदा ऊस लागला की तो, आणि त्याच बुडख्यावरचा पुढच्या सालचा खोडवा निघेपर्यंत बांधाला कोण हात लावतंय? तेव्हा लागणीच्या आत निकाल लावायचा ठरला. सरकारी मोजणीदार नानाला नको होता.

"वैनी, त्याला सांगा," नाना म्हणाला, "त्याचं ते मशीन म्हनंल ते मला मान्य. त्याचं न्हाई, मशीनचं."

सुभेदारांनी हे मला दोनदा सांगितलं. भावाचा आपल्यावर नाही, निदान आपल्या कॅल्क्युलेटरवर तरी विश्वास आहे, एवढ्यावर माणूस खूश! मला मात्र हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

दसऱ्याच्या सुट्टीत मोजणी झाली. नाना प्रत्येक खुंटीपाशी हजर. आकडे टिपले गेले, फक्त हिशेब राहिला, आणि मध्ये आली खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारं पूजेला बसतात, ती चालवायची नाहीत. दोघा भावांनी, अर्थात काकूंच्या मारफत, ठरवलं की दसऱ्याला सकाळी चार माणसांसमोर उत्तर काढायचं.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारं नसतात, आमचा तो दीक्षेचा दिवस. मी माधवनगरला माहेरी होते. विहारातून वंदना करून, पांढऱ्या साडीत घरी आले, तर दारात सुभेदार. एस.टी.चा प्रवास करून आलेले, मिशी खाली आलेली.

"जयभीम म्याडम," म्हणाले आणि रुमाल उलगडून त्यांनी तो कॅल्क्युलेटर माझ्या आईच्या पाटावर ठेवला. "गेला."

काच कोरी होती. मी उचलून बघायला गेले तर बोटांना बुळबुळीत लागलं. वास घेतला. शिवणयंत्राच्या तेलाचा!

"सुभेदार, हे काय केलंत?"

"दरसाली वरनं पुसतो निस्तं," ते मान खाली घालून म्हणाले. "फौजंत हत्यार पूजंला बसवायच्या आधी साफ करून त्याल द्यायचं, ही आमची रीत. ह्या वक्ताला काम मोठं हुतं. भावाचं हुतं. म्हटलं कसूर नको. परत्येक बटनात एकेक थेंब सोडला."

माझ्या आईने पदर तोंडाला लावला. मलाही हसू फुटत होतं, पण त्या माणसाचे डोळे बघून मी ते गिळलं. कारण पुढचं त्यांनी सांगितलं ते हसण्यासारखं नव्हतं. सकाळी चार माणसं जमली, सुभेदारांनी बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, काही नाही. तेव्हा नाना सगळ्यांसमोर म्हणाला होता, "वैनी, त्याला सांगा, कळलं मला. उत्तर अंगावर याया लागलं म्हनून मारला त्यानं मशीनला."

"बांध गेला तर जाऊ द्या," सुभेदार म्हणाले. "पन मी लबाड? म्याडम, त्या पोराला मी खांद्यावर बसवून साळंला नेलाय."

दुसऱ्या यंत्रावर हिशेब करून देणं माझ्या हातचा मळ होता. तसं मी म्हणालेही. त्यांनी मान हलवली. नानाला दुसऱ्या कुठल्या यंत्राचा आकडा चालणार नव्हता. बोलायचं तर ह्याच यंत्राने बोलायला हवं, आणि ह्याच्या घशात तेल गेलेलं.

तेव्हा मला जोशी आठवला. सुभेदारांनाही आठवला होता, म्हणूनच तर ते माझ्या दारात आले होते. सरळ जोशीकडे जायला तोंड नव्हतं ना!

जोशी आमच्या कॉम्प्युटर लॅबचा प्रमुख. अमेरिकेतल्या मामेभावाने त्याला हातात मावणारा एक कॉम्प्युटर पाठवला होता. चष्म्याच्या घरासारखा उघडायचा, आत बारीक बारीक बटणं. जोशी तो स्टाफरूममध्ये उघडायचा तेव्हा आजूबाजूला माणसं आहेत का हे आधी बघून घ्यायचा. मागच्याच महिन्यात त्याने इंटरनेटवरून जुन्या कॅल्क्युलेटरांचे एम्युलेटर, म्हणजे त्यांची हुबेहूब सोंगं वठवणारे प्रोग्राम, उतरवून त्यात भरले होते. "कुठलाही जुना कॅल्क्युलेटर सांगा, ह्यात जिवंत करून दाखवतो," अशी त्याची बढाई चालली होती, आणि सुभेदार सगळ्यांदेखत म्हणाले होते, "बहुरूप्यानं पोलिसाची टोपी घातली म्हनून कुनी त्याला चौकी देत न्हाई, जोशीसायेब."

आता त्याच बहुरूप्याच्या दारात जायचं होतं. सुट्टी संपल्यावर मी दोघांना एका टेबलाशी बसवलं. जोशीने आधी सुभेदारांना मनसोक्त तिष्ठत ठेवलं, चहा मागवला, तो सावकाश प्यायला. मला इतका राग आला होता की म्हणावं, कप ठेव खाली आणि उघड ते डबडं. मग तो बोलायला लागला.

"त्याचं काय आहे, हे नुसतं सोंग नव्हे. तुमच्या त्या कॅल्क्युलेटरच्या आत कंपनीने जे जे भरलं होतं, ते जसंच्या तसं उचलून ह्यात ठेवलंय. शरीर माझं. विचार करणारा तो."

सुभेदार त्या डबीकडे वाकले. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे अंगात येतंय!"

"अहो, अंगात काय! हे शास्त्र आहे, सुभेदार."

"तेच म्हनतोय मी. झाड तुमचं, वारं आमचं. पन जोशीसायेब, अंगात आलं म्हनून लगीच पाया पडायचं नसतं. खूण इचारायची असती. लय सोंगाडी असत्यात."

त्यांनी ते इवलंसं यंत्र पुढे ओढलं. अंगठ्याखाली एकदम तीन बटणं दबली, तेव्हा पेन्सिलीचं मागचं टोक घेतलं. अगदी बारीक कोन भरला. साइन मागितली. मी आणि जोशी दोन्हीकडून वाकून बघत होतो. उत्तर आलं, आणि सुभेदार खुर्ची मागे ढकलून उभे राहिले.

"चुकला! आरं गड्या, चुकला!"

जोशीने ती खोड कधी वाकून बघितलीच नव्हती, त्याचा चेहरा पडला. "नाही, नाही, असं होणार नाही... माझ्याकडून काहीतरी उतरवताना..."

"तुमचं काय बी चुकलं न्हाई! तोच हाय! त्योच!" सुभेदारांनी जोशीला मिठी मारली. आयुष्यात पहिल्यांदा जोशीच्या यंत्राने चुकीचं उत्तर दिलं होतं आणि पहिल्यांदाच कुणीतरी त्याला मिठी मारली होती. ह्यातलं काय मनावर घ्यावं ते त्याला कळेना. आनंदाच्या भरात त्याने यंत्र न्यायला परवानगीसुद्धा दिली. फक्त दोन अटी. तो स्वतः बरोबर येणार, आणि तेल लावायचं नाही.

सुभेदारांचे मोजणीचे प्रोग्राम मूळ यंत्राबरोबरच गेले होते. त्याची त्यांना फिकीर नव्हती. रामरक्षा म्हणावी तसे ते तोंडपाठ म्हणत त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने सगळे परत भरले.

रविवारी आम्ही तिघं त्यांच्या गावी गेलो. मी का गेले? सुभेदार म्हणाले, काकूंचा घसा बसलाय, निरोप्या कुणीतरी हवा. शिवाय खरं सांगायचं तर, हे न बघता मला सोमवारी पोरांना त्रिकोणमिती शिकवता आली नसती.

बांधाच्या एका अंगाला सुभेदार, दुसऱ्या अंगाला नाना. नाना बारकेला, डोक्याला टॉवेल, हातात कुदळ. सुभेदारांचंच तोंड, फक्त मिशी काढून घेतलेली. त्याने जोशीच्या हातातली डबी बघितली आणि मला म्हणाला, "म्याडम, त्याला इचारा, ह्ये काय चष्म्याचं घर आनलंय?"

मी अंगात येण्याची गोष्ट सांगितली. नानाला ती समजावून घ्यायला एवढासुद्धा वेळ लागला नाही. "खूण?" त्याने विचारलं. सुभेदारांनी खूण दाखवली. नानाने पारावर ती पूर्वी बघितलेलीच होती. चुकीचा आकडा बघून त्याने मान डोलावली. "हाय. त्योच हाय. मग त्याला इचारा, त्यो पयला मेला कशानं?"

सुभेदार आकाशाकडे बघत मला म्हणाले, "सांगा त्याला. मी त्याल घातलं."

नानाने कुदळ खाली टेकवली. मग त्याचे खांदे हलायला लागले. "म्याडम, आवं, ह्यानं लहानपनी आबांच्या घड्याळात बी गोडं त्याल घातलं हुतं! बंद पडलं तर मार मी खाल्ला!" आणि तो टॉवेलने डोळे पुसत हसायला लागला. सुभेदारांच्या मिशीखालीही काहीतरी हललं, पण त्यांनी लगेच सावधान केलं आणि पेन्सिल हातात घेतली.

आकडे रांगेत उभे राहिले. हुकूम सुटला. चौथ्या दगडाची जागा आली. सुभेदारांनी ती जोशीला दाखवली, मला दाखवली, आणि टेप धरून चालायला लागले. त्यांनी खुंटी ठोकली ती बांधावर नाही, नानाच्या रानात नाही. स्वतःच्या रानात, चांगली काठीभर आत. म्हणजे बांध सरकला होता तो नानाच्या अंगावर. कोरणारा वाटेकरी असेल, पण इतकी वर्षं पीक खाल्लं होतं सुभेदारांनी, आणि वर भावालाच चोर म्हटलं होतं.

सुभेदारांचे कान लाल झाले होते. त्यांनी खुंटीकडे बोट केलं. "म्याडम, त्याला सांगा, हितनं तिकडं त्याचं हाय."

मी नानाकडे वळले. पण नाना माझ्याकडे बघतच नव्हता. तो बांध ओलांडून आला आणि भावासमोर उभा राहिला.

"दादा," तो म्हणाला.

काकू लांब विहिरीपाशी उभ्या होत्या, त्यांच्या हातातली कळशी खाली गेली.

"दादा, ऱ्हाऊ दे रं. बारीक कोनाला चुकतंय म्हनतोस न्हवं त्ये? मग आपला बांध तरी कुटं मोठा हाय? बारीकच हाय की. चुकलं आसंल."

एवढी वर्षं जपलेली ती यंत्राची खोड नानाने अशी भावाच्या पुढ्यात ठेवली, घे म्हणून. सुभेदारांनी ती घेतली असती तर कुणाचंच काही गेलं नसतं. मी तर मनात म्हणत होते, घ्या हो सुभेदार, घ्या.

"हितं न्हाई चुकत त्यो," सुभेदार म्हणाले. त्यांनी नानाच्या हातातली कुदळ ओढून घेतली आणि खुंटीपाशी घाव घातला. इस्त्रीच्या पँटीवर माती उडाली. आणखी घाव घातले. आणि मग टणकन आवाज आला.

सुभेदार गुडघ्यावर बसले, हातांनी माती उकरायला लागले. दगडाचं काळं डोकं वर आलं, त्यावरची छिन्नीची फुलीसुद्धा दिसायला लागली.

"बघ," ते म्हणाले. "बघ नाना. आबांच्या टायमाचा."

नानाने बघितलं. आणि पायाने ती सगळी माती परत आत लोटली.

"आरं काय करतोयस?"

"झाक म्हनतोय ना मी! मला काय दिसलं न्हाई!"

"नाना, पाय काढ!"

"न्हाई काढत! तू फौजंतला, तर तुज्या घरचा!"

जोशीचं यंत्र ढेकळांत उघडं पडलं होतं आणि तो "अहो माझं, अहो माती जातेय त्यात" असं ओरडत दोघांभोवती फिरत होता, पण त्याला विचारतंय कोण? काकू पळत आल्या, सवयीने मधे तोंड घालायला गेल्या, आणि आता आपलं काही काम नाही हे कळून तिथंच रडायला लागल्या. मला शेवटची गाडी गाठायची होती. सुभेदार त्या रविवारनंतर नोकरी सोडून गावीच राहिले आणि डिसेंबरात माझी बदली झाली, म्हणून त्यांना मी शेवटचं बघितलं ते त्याच रविवारी, रस्त्याच्या कडेला एस.टी.ची वाट बघताना. रानात दोन म्हातारे एका खड्ड्याशी बसले होते. एक हातांनी माती उपसत होता, दुसरा तीच माती परत आत लोटत होता, आणि दोघं एकमेकांच्या तोंडावर मोठमोठ्याने ओरडत होते.